सुका आवाज, ओला आवाज

माझा 'स' बिघडलेला आहे, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी हिराजीदादांनी सांगितलं. तोवर माझ्या उच्चारांविषयी माझं मत फारच चांगलं होतं. भिवंडीत निजामपुऱ्याजवळच्या एका मराठी शाळेत मी शिकवत होते आणि आसपास कुठेही सत्कार, हळदीकुंकू, बक्षीस समारंभ निघाला की निवेदनाला मलाच बोलावणं येई. त्या दिवशी महिला मंडळाचा कार्यक्रम आटोपून मी स्टेजवरून उतरले. चार बायकांनी कौतुक केलं होतं, त्यामुळे जरा तरंगतच होते. सगळ्या माईकचे आवाज जुळवणाऱ्या मिक्सरमागे उभा असलेला एक उंच, हडकुळा माणूस वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "बाई, बोलता झकास. फकस्त तुमचा 'स' आयकू येत न्हाय. 'श' बी न्हाय. गिळता काय?"

मराठीच्या शिक्षिकेला हे ऐकवणं म्हणजे सुगरणीला आमटीत मीठच नाही म्हणण्यासारखं. मी वरवर हसले आणि घरी जाऊन आरशासमोर उभी राहिले. सुस्वागतम्, सहर्ष, सस्नेह, शुभेच्छा. दोन वर्षं मी हा रियाज केला. एकदा तर आमच्या यजमानांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं, की गॅस गळतोय का. पण पुढच्या प्रत्येक कार्यक्रमानंतर हिराजीदादा मान हलवत आणि म्हणत, "सुदारना हाय. पन अजून पुरती न्हाय."

हिराजीदादा आगरी घरातले. वडप्याकडे त्यांची वडिलोपार्जित जमीन होती. हायवेच्या कडेला गोडाऊनं उभी राहायला लागली तेव्हा त्यांच्या दोन्ही भावांनी आपापल्या वाट्यावर गोडाऊनं बांधली आणि पांढरे बूट घालून बसले. यांना यंत्रांचा नाद. हे निजामपुऱ्यातल्या एका पॉवरलूमच्या शेडमध्ये जॉबर म्हणून लागले, म्हणजे बंद पडलेला लूम चालू करून देणारा माणूस. अठरा वर्षं त्यांनी तिथे काढली. मग एका गणपतीत मंडळाचा बिघडलेला अॅम्प्लिफायर दुरुस्त करून दिला, आणि तिथून आवाजाच्या धंद्यात शिरले. भाऊ चिडवत, की सगळ्या गावाला भाडं बसून मिळतं आणि हा उभा राहून मिळवतो. दादा म्हणत, "बसून मना झोप येते."

ज्याने भिवंडीची लूमची शेड आतून पाहिलेली नाही त्याला तिथला आवाज सांगून कळणार नाही. चाळीस लूम एका पत्र्याखाली खडखडत असतात. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडूनही उपयोग नसतो, म्हणून तिथली माणसं नुसते ओठ हलवतात आणि हातांनी खुणा करतात. एक बोट फिरवलं की धागा तुटला, मूठ उघडली की चहा. दादांची ही सवय शेड सुटली तरी सुटली नव्हती. स्टेजवर मी निवेदन करत असताना ते मिक्सरमागून मला ओठांनी काहीतरी सांगत, आवाज शून्य. मला एक अक्षर समजत नसे. अनुसूयावहिनी, त्यांच्या पत्नी, मला एकदा म्हणाल्या, "लगीन झालं तवा चार दिस मना वाटलं, नवरा मुकाच हाय. मंग कललं, बोलतंय, पन आवाज घालीत न्हाय."

मिक्सरला मात्र ते देवघरासारखं जपत. हात धुतल्याशिवाय त्याला शिवत नसत. त्यावर कुणी चहाचा कप ठेवायला गेलं, तर कपाखालून आधी त्यांचा पंजा यायचा. दसऱ्याला मिक्सरची पूजा होई, पण झेंडूचं फूल वर न ठेवता शेजारी. पाकळी आत गेली की बटण करकरतं, असं म्हणायचे. आणि त्यांच्या प्रत्येक वायरीच्या टोकाला सुताचा रंगीत धागा बांधलेला असे, शेडमध्ये तुटलेलं सूत जोडताना मारतात तीच बारीक गाठ मारून. मिक्सरमधून बाहेर जाणाऱ्या वायरीला लाल, परत येणाऱ्या वायरीला हिरवा. अंधारात काय करता, असं मी विचारलं तर म्हणाले, लाल धाग्याला दोन गाठी आहेत, हिरव्याला एक.

त्यांनी ग्रँट रोडच्या बाजारातून एक जुनं इको मशीन आणलं, तेव्हा मला मुद्दाम बोलावून दाखवलं. माणूस बोलला की आवाजाला देवळाच्या गाभाऱ्यासारखा घुमारा देणारा तो एक काळा डबा. त्या काळात आमच्याकडचे बहुतेक साऊंडवाले हा डबा सरळ मिक्सर आणि स्पीकरच्या मध्ये जोडून देत. मग गायकापासून तबल्यापर्यंत सगळंच घुमायचं. "प्रमुख पाहुणे" म्हटलं की पाहुणे पाच वेळा यायचे. दादांना ही पद्धत बघवत नसे.

"बाई, आयका," ते म्हणाले. "ह्यो रस्ता हाय." त्यांनी टेबलावर बोट ओढलं. "माईकमधला आवाज हिकडून सरल स्पीकरला जातो. ह्यो सुका आवाज. आता मशीन रस्त्यात बसवली, त सगल्यांना तिच्यातनंच जावं लागतं. नकोय त्याला बी. म्हनून मशीन बाजूच्या गल्लीत बसवायची. परत्येक माईकच्या रांगेत हे एक बटन हाय. ते जितकं फिरवाल तितकाच आवाज लाल वायरीनं गल्लीत जातो, मशीनमधी भिजतो, आन् हिरव्या वायरीनं परत येतो. ह्यो ओला आवाज. नाक्यावर दोगांची गाठ पडते. मानूस सुकाच ऱ्हातो, फकस्त त्याच्या मागं जरा ओल ऱ्हाते."

मी शिक्षिका. चांगलं समजावलेलं मला लगेच ओळखू येतं. मी विचारलं, की परत आलेला ओला आवाज चुकून पुन्हा लाल वायरीत शिरला तर? त्यांचा चेहरा उजळला. माझ्या 'स'सकट मला त्या दिवशी माफी मिळाली असावी. "तर गोल फिरत बसंल आन् किंचाल्या मारंल. म्हनून हिरव्या वायरीच्या रांगेतलं ते बटन मेलं तरी उगडायचं न्हाय."

ह्या गल्लीचं मोल मी एका भक्तिगीतांच्या कार्यक्रमात पाहिलं. भर दुपारी गायिकेचा आवाज वर चढत असताना इकोचं मशीन अचानक गेलं. त्यातून धुराची बारीक रेघ निघाली. मी विंगेतून पाहत होते. पण गाणं चालूच राहिलं. घुमारा तेवढा गेला, आणि समोर बसलेल्या चारशे माणसांतल्या एकाचीही मान वळली नाही. दादांनी शांतपणे प्लग काढला, मशीन टेबलाखाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून चक्क आवाज काढून बोलले, "मशीन मेली. गाना न्हाय मेला."

इतकं ज्याला कळत होतं त्याच माणसाने पुढे स्वतःचाच नियम मोडला. त्यांनी दुसरं एक मशीन आणलं. ते आवाजातला बारीक, तीक्ष्ण भाग उचलून धारदार करायचं. दादा त्याला 'साफी' म्हणत. हे साफी त्यांनी गल्लीत नाही, भर रस्त्यात बसवलं. मिक्सरच्या मुख्य आवाजाच्या वाटेवर मागे एक भोक असतं, त्यात पिवळ्या धाग्याची वायर घातली की सगळा आवाज बाहेर पडून मशीनमधून जाऊन परत येतो. मी म्हटलं, "दादा, हे रस्त्यात कसं?" ते म्हणाले, "बाई, ह्याच्याबिगर सगला आवाज गोधडीत गुंडालल्यागत येतो. साफ आयकनं ह्यो सगल्यांचा हक्क हाय."

निजामपुऱ्यात साफीचा डंका वाजला. मोहल्ल्यातले कार्यक्रम, जलसे, बक्षीस समारंभ, सगळीकडे दादांनाच बोलावणं. त्यांच्या शेडमधले जुने कारागीर सलीमभाई तर सगळ्यांना सांगत, "हिराजी का साऊंड मतलब एक-एक लफ्ज़ साफ।" माझं स्वतःचं डोकं त्या आवाजाने धरायचं, दाढेत कळ येते तसं काहीतरी व्हायचं. पण समोरची माणसं माना डोलावत असत. मी आपली समजूत घातली, की माझंच काहीतरी नाजूक असेल. ज्या बाईला 'स' म्हणता येत नाही तिने आवाजाबद्दल काय बोलावं?

मग दिघाशीचं लग्न आलं. दिघाशी हे वहिनींचं माहेर, लग्न त्यांच्या भाचीचं. मांडवाच्या दिवशी सकाळी मीही पाहुणी म्हणून गेले होते. आगरी लग्नात धवलारीण लागते. ती धवले गाते, म्हणजे लग्नातल्या प्रत्येक विधीचं गाणं, आणि ते झाल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. चांगुणामावशी त्या भागातल्या नावाजलेल्या धवलारीण. वय झालं होतं, आवाज बारीक झाला होता, म्हणून दादांनी ठरवलं होतं की या लग्नात मावशींचा शब्द मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत पोहोचवायचा. घरचं कार्य. त्यांनी सगळं सामान आणलं होतं, नवा पांढरा शर्ट घातला होता, आणि मावशींसमोर माईक स्वतःच्या हाताने लावला होता.

मावशींनी पहिली ओळ उचलली आणि मांडवातली लहान मुलं रडायला लागली. बायकांनी कानांवर पदर ओढले. माझ्या शेजारच्या आजोबांनी दोन्ही हात कानांवर दाबून धरले. मी दादांकडे पाहिलं. ते मांडवभर नजर फिरवत होते, आणि त्यांनी मान हलवून आवाज आणखी चढवला. नंतर मला कळलं की त्यांनी असं का केलं. लूमच्या शेडमध्ये कानावर हात ठेवला की त्याचा अर्थ एकच असतो: ऐकू येत नाही, मोठ्याने सांग. सगळा मांडव त्यांना तेच सांगत होता.

मावशी गायच्या थांबल्या. त्यांनी माईक बाजूला केला आणि म्हणाल्या, "बाला हिराजी, ह्यो आवाज माजा न्हाय. कानात सुया टोचतान."

दादा पांढरेफटक पडले. त्यांनी एकेक वायर तपासली, लाल, हिरवी, पिवळी. माईक बदलला. स्पीकरला कान लावला. सगळं जागच्या जागी होतं. मांडवातले लोक कुजबुजत होते, भटजी घड्याळ बघत होते. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून वहिनी उठल्या, हळदीच्या हातांनी तशाच मिक्सरपाशी आल्या आणि पिवळ्या धाग्याची वायर मागून उपटून काढली. मी घाबरले, आवाज बंदच पडणार असं वाटलं. पण ते भोक असं असतं की प्लग काढला की आतली वाट आपोआप जोडली जाते. साफी तेवढं बाजूला झालं.

"मशीन बरोबर हाय," वहिनी म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. दादांकडे तोंड करून, ओठ नीट हलवत म्हणाल्या, "तुमचे कान गेलंत."

"कवापासनं?"

"पाच वरसं झाली. कुकरची शिट्टी तुमाला आयकू येत न्हाय. मी बोलले न्हाय. कशी बोलनार? तुमचा धंदाच कानावर."

मावशी पुन्हा गायला लागल्या. म्हातारा, बारीक, किंचित कापरा आवाज मांडवभर पसरला आणि लोक सैलावले. पोरं गप्प झाली. दादांना मात्र गोधडीतली कुजबुजच ऐकू येत असणार. ते मावशींच्या ओठांकडे पाहत होते, मग लोकांच्या चेहऱ्यांकडे, मग पुन्हा ओठांकडे. त्यांना काहीच साफ ऐकू येत नव्हतं आणि सगळ्यांना सगळं ऐकू येतंय हे दिसत होतं. मला तिथे बसल्या बसल्या आणखी एक गोष्ट समजली. माझ्या 'स'ला कधी काही झालंच नव्हतं. क्षणभर मला आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची इतकी लाज वाटली की मी जेवायलाही थांबले नाही.

आठवड्याने वहिनी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. सोबत मीही गेले. डॉक्टरांनी तपासणी करून एक कागद पुढे ठेवला. त्यावर एक रेघ डावीकडून सरळ येऊन उजवीकडे कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती. जाड आवाज शाबूत, बारीक आवाज गेलेले. लूमवरच्या पुष्कळ माणसांचं असं होतं आणि गेलेलं परत येत नाही, हे डॉक्टरांनी सरळच सांगितलं. दादांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. "ह्यो त इक्वलायझर हाय," ते म्हणाले. "उजवीकडची सगली बटनं कोनीतरी खाली वढलीत."

कानात घालायचं मशीन मिळालं. घरी ते ठीक चाले, वहिनींचं बोलणं कळे. पण स्पीकरपाशी गेलं की कानातच शिट्टी वाजायची. दादांना त्याचा राग येत नसे. "माईक आन् स्पीकर एका खोलीत ठेवल्यावर दुसरं काय व्हनार," असं ते म्हणायचे. त्यांनी एक मात्र ठरवून टाकलं. मिक्सर विकायचा. कल्याणचा एक साऊंडवाला प्रजासत्ताक दिनानंतरच्या रविवारी टेम्पो घेऊन येणार होता. त्याआधी सव्वीस जानेवारीला मोहल्ल्याचा सकाळचा कार्यक्रम होता आणि त्याचा शब्द दिलेला होता. तो वहिनी सांभाळणार, कारण वायरी जोडून द्यायला कान लागत नाहीत आणि बटणं फिरवायला त्या इतक्या वर्षांत बघून बघून शिकल्या होत्या.

मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, इतकं कळणारा माणूस असा कसा सोडून देतो? ते म्हणाले, "बाई, आंधल्यानं गाडी चालवली. लोक इतकी वरसं बसले हेच लई झालं." मला रडू आलं. त्यांच्यासमोर आलं याचं वाईट वाटलं नाही, कारण आमच्यात तोवर तितकी ओळख झाली होती.

सव्वीस जानेवारीला वहिनी मिक्सरवर उभ्या राहिल्या, साफी न लावता. मी निवेदन केलं, आणि पहिल्यांदाच माझ्या डोक्यात कळ आली नाही. आवाज मऊ आणि नेमका होता. दादा पाहुण्यासारखे डावीकडे, जुन्या लूमवाल्यांच्या रांगेत जाऊन बसले होते. सलीमभाईंची नात स्टेजवर कविता म्हणायला आली. चार ओळी झाल्या आणि सलीमभाई दादांच्या कानाशी वाकून म्हणाले, "हिराजी, आज आवाज़ बैठा हुआ है क्या? बच्ची बोल रही है, बस बड़बड़ सुनाई दे रहा है।" मागच्या रांगेतला एक जण उठून बाहेर निघाला. दुसरा चहाला गेला. ज्यांनी आजवर दादांच्या आवाजाला साफ म्हटलं ती सगळी माणसं एकेक करून जागा सोडत होती, आणि ती पोर त्यांच्याकडे बघत बघत कविता म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दादा शाळेत आले. तडक माझ्या वर्गात शिरले, खडू घेतला आणि फळ्यावर चौकोन काढायला लागले. डबे उघडून बसलेली सातवीची मुलं बघत राहिली.

"बाई, सलीमभाईला बी आयकू येत न्हाय," ते म्हणाले. "कोनालाच न्हाय. त्यांना मी आवडत न्हवतो, त्यांचे आन् माजे कान एकच व्हते." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख असायला हवं होतं. पण फळ्यावर लाल खडू फिरवताना तो इको मशीन दाखवतानासारखाच उजळला होता. "माजी चूक समजली मना. साफी रस्त्यात बसवली व्हती. माजे कान बी रस्त्यातच बसवले व्हते. पोराबालांना, बायकांना, सगल्यांना त्यातनंच जावं लागत व्हतं. आता साफी गल्लीत. सुका आवाज अनुसूया बगंल, तिच्या कानानं, सगल्या हॉलसाठी. त्यातला फकस्त बोलन्याचा आवाज ह्या लाल वायरीनं साफीत घालायचा, आन् साफीतून एक निराला बॉक्स. डावीकडं. लहान. तिकडंच तोंड केलेला."

"आणि हिरवी वायर?" मी विचारलं. "परत कुठे येते?"

"येत न्हाय," ते म्हणाले आणि बाण फळ्याच्या कडेपर्यंत नेऊन सोडला. "ही गल्ली नाक्यावर येतच न्हाय. सरल त्यांच्या दारात जाते. आन् तितं बटन फिरवायला कान पायजेत, ते माज्याकडं हायेत. भिवंडीत माज्यासारके कान कोनाकडं न्हाईत, म्हंजे, हायेत सगल्यांकडं, पन त्यांना बटन फिरवता येत न्हाय."

सातवीतल्या एका मुलीने हात वर करून विचारलं, की त्या बॉक्सजवळ आम्ही बसलो तर? "त कान दुकतील," दादा म्हणाले. "म्हनून तुमी अनुसूयाबायकडं बसायचं." मुलीने वहीत तो नकाशा उतरवून घेतला. माझ्या तासाला तिने इतकी टापटीप कधी दाखवली नव्हती.

रविवारी कल्याणचा टेम्पो आला तेव्हा मिक्सर उघडा होता आणि दादा त्यात डोकं घालून बसले होते. टेम्पो रिकामा गेला. पुढचे सहा महिने त्यांनी आणि वहिनींनी घरात रेडिओ लावून सराव केला. वहिनी दूर उभ्या राहून खुणा करायच्या. बोट फिरवलं की जास्त झालं, मूठ मिटली की बस. भांडणंही होत. एकदा मी गेले तर दोघं पंधरा मिनिटं आवाज न काढता भांडत होती, नुसते ओठ आणि हात. माझ्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही.

पंधरा ऑगस्टला आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये मोहल्ल्याचा कार्यक्रम झाला. त्यानंतर माझी बदली झाली, त्यामुळे दादांना काम करताना मी शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी. वहिनी मिक्सरमागे, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि हातात घड्याळ. डाव्या भिंतीला एक लहान बॉक्स तिरका ठेवलेला. त्याच्यासमोर पाच-सहा खुर्च्या, त्यात सलीमभाई आणि दोघे-तिघे जुने कारागीर, आणि कडेच्या खुर्चीत दादा, मांडीवर साफी घेऊन. तिकडे वेगळा बॉक्स चालू आहे की नाही हेही बाकीच्या हॉलला कळत नव्हतं, इतकं ते बेताचं होतं.

सलीमभाईंच्या नातीने भाषण सुरू केलं. दादा स्टेजकडे बघतच नव्हते. ते सलीमभाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि अंगठ्याने बटण केसभर इकडे, केसभर तिकडे करत होते. मग त्यांचा अंगठा थांबला. सलीमभाईंची मान हलायला लागली, मग ओठ, नातीच्या शब्दाबरोबर शब्द, एकही चुकत नव्हता. मी निवेदनाचा कागद हातात धरून विंगेत उभी होते आणि पुढचं नाव काय आहे ते मला दिसेनासं झालं होतं.

मागच्या रांगांमधून हे कुणीतरी पाहिलं असावं. एक म्हातारा उठला. त्याने आपली खुर्ची उचलली आणि भिंतीच्या कडेकडेने डावीकडे घेऊन आला. त्याच्या मागून दुसरा, मग दोन बायका, त्याही शेडमध्ये सुताच्या कांड्या भरणाऱ्या. भाषण चालू असताना हॉलमधल्या खुर्च्या अशा हलत होत्या आणि वहिनी मिक्सरवरून ते बघून हसत होत्या. पहिला म्हातारा दादांच्या मागे येऊन उभा राहिला आणि त्याने विचारलं, "यहाँ साफ आता है?"

दादा सलीमभाईंकडेच बघत होते. बहुतेक त्यांना ऐकूच आलं नसावं. पण कुणीतरी आलंय हे त्यांना कळलं, आणि मांडीवरचं मशीन एका हाताने सांभाळत त्यांनी आपली खुर्ची हातभर सरकवून त्याला जागा करून दिली.